एपिड्युरल घेतलेल्या तिघींचे अनुभव तीन तऱ्हांचे का असतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलेच बाळंतपण आहे, आठवा महिना सुरू आहे, आणि प्रसूतीच्या कळा कमी करणाऱ्या एपिड्युरलबद्दल जवळच्या तिघींनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. मैत्रीण म्हणते, सुई दिल्यावर ती चक्क झोपली आणि उठली तेव्हा बाळ बाहेर येण्याची वेळ झाली होती. मावसबहिणीची डावी बाजू बधिर झाली, पण उजवीकडच्या कळा तशाच राहिल्या. नणंदेची कंबर बाळंतपणानंतर काही वर्षे उलटूनही दुखते आणि दोष पाठीत टोचलेल्या त्या सुईचा आहे, असे ती ठामपणे सांगते. यांपैकी कोणाचे खरे मानावे आणि स्वतः काय ठरवावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग प्रसूतिकक्षात गेला आहे. पहिल्या दोघींचे म्हणणे जसेच्या तसे खरे मानावे. नणंदेची कंबर दुखते हेही खरेच, मात्र त्याचे कारण बहुधा दुसरे आहे. त्याकडे पुढे येईन. आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण अनुभवांतला बराचसा फरक तिच्यामुळेच पडतो. एपिड्युरल म्हणजे एकदा टोचले आणि काम झाले असे इंजेक्शन नव्हे. पाठीत एक बारीक नळी बसवली जाते आणि बाळ जन्माला येईपर्यंत, म्हणजे कित्येकदा आठ-दहा तास, त्या नळीतून औषध देत राहावे लागते, परिणाम तपासत राहावे लागते आणि कळा जसजशा बदलतील तसतसे औषधही बदलावे लागते. ज्या स्त्रीकडे कोणीतरी वरचेवर येऊन पाहिले आणि जिने दुखायला लागताच सांगितले, तिचा अनुभव सहसा चांगला असतो. नळी बसवून झाल्यावर जिच्याकडे कोणी फिरकले नाही, तिचा अनुभव नशिबावर सोडलेला असतो.

कळांचे दुखणे शरीरात दोन वाटांनी जाते. सुरुवातीच्या तासांत गर्भाशय आकुंचन पावत असते आणि त्याचे तोंड उघडत असते. या वेदना छातीच्या खालच्या आणि कंबरेच्या वरच्या भागातील नसांमधून मज्जारज्जूकडे जातात, म्हणून त्या ओटीपोटात आणि कंबरेत जाणवतात. बाळाचे डोके खाली सरकून योनिमार्ग ताणू लागते तेव्हा वेदना त्रिकास्थीतून, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडातून, निघणाऱ्या नसांवाटे जाऊ लागतात, आणि त्या मांड्यांच्या मध्ये, गुदद्वाराजवळ प्रचंड दाब आल्यासारख्या वाटतात. नळीची जागा कंबरेच्या मणक्यांत असते, त्यामुळे औषध पहिल्या वाटेच्या नसांपर्यंत सहज पोहोचते आणि त्रिकास्थीच्या नसांपर्यंत उशिरा व कमी पोहोचते. एपिड्युरल घेतलेल्या पुष्कळ स्त्रिया सांगतात की मधले काही तास अगदी शांत गेले, पण शेवटी औषध 'उतरले'. बहुतेक वेळा औषध उतरलेले नसते. वेदनेची वाट बदललेली असते. हे आधी ठाऊक असले म्हणजे तो दाब जाणवू लागल्यावर घाबरायला होत नाही आणि वाढीव मात्रा वेळेवर मागता येते.

एपिड्युरल जागा म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेर असलेली, काही मिलिमीटर रुंदीची पोकळी. पाठीच्या त्वचेपासून ती बहुतेक स्त्रियांमध्ये ४ ते ६ सेंटीमीटर खोल असते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि आपण सुई त्याच्याखाली, साधारणपणे तिसऱ्या व चौथ्या मणक्यांच्या मध्ये घालतो. 'सुई मज्जारज्जूत गेली तर?' या भीतीला शरीररचनेने दिलेले हे उत्तर आहे. कंबरेच्या एपिड्युरल जागेत औषध देण्याची पद्धत स्पेनमधील लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाहेस यांनी १९२१ साली मांडली, पण एकदा दिलेले औषध तास-दोन तासांत ओसरत असे आणि प्रसूती तेवढ्यात आटोपत नसे. १९४७ साली क्युबातील मान्युएल मार्तिनेझ कुर्बेलो यांनी कंबरेच्या या जागेत बारीक नळी सोडून तिच्यातून पुन्हापुन्हा औषध देऊन दाखवले. आज प्रसूतिकक्षात जे काही होते ते या नळीवर उभे आहे.

प्रत्यक्ष सुई देताना काय होते ते नीट सांगतो, कारण न पाहिलेल्या गोष्टीची भीती सर्वांत मोठी असते. आधी हाताला सलाइनची सुई लावलेली असते, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि पोटावर बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवणारा पट्टा असतो. तुम्हाला पलंगाच्या कडेला पाय खाली किंवा स्टुलावर ठेवून बसवतात. काही वेळा कुशीवर निजवूनही सुई देता येते. हनुवटी छातीकडे, खांदे सैल सोडलेले, आणि कंबर मागे माझ्याकडे ढकललेली, अशी बैठक हवी असते. पोट मोठे असल्याने पूर्ण वाकता येत नाही हे आम्हाला माहीत असते. मला हवे असते ते कंबरेतून वाकणे. खांद्यांतून वाकून उपयोग होत नाही. पाठ थंडगार जंतुनाशकाने पुसली जाते, वर निर्जंतुक कापड चिकटवले जाते. मग त्वचा बधिर करणारे छोटे इंजेक्शन देतात आणि ते दहा-पंधरा सेकंद चांगलेच चरचरते. बहुतेकींच्या मते संपूर्ण प्रक्रियेत खरे दुखणारे एवढेच असते. त्यानंतर एपिड्युरलची सुई आत जाते तेव्हा टोचण्यापेक्षा दाबल्याची, पाठीत कोणी अंगठा रुतवल्याची जाणीव होते.

या वेळी माझ्या हातात सलाइन भरलेली सिरिंज असते आणि अंगठा तिच्या दट्ट्यावर असतो. सुईचे टोक मणक्यांमधल्या चिवट, पिवळसर पडद्यात असते तोवर दट्ट्या हलत नाही. टोक त्या पडद्याबाहेर पडले की अडवणूक एकदम नाहीशी होते आणि सलाइन आपसूक आत जाते. जागा सापडल्याची हीच खूण. आजही ती मुख्यतः बोटांनाच कळते. सोनोग्राफीने मणक्यांमधला मध्य आणि अंदाजे खोली आधी पाहता येते, आणि वजन जास्त असलेल्या किंवा कण्याला बाक असलेल्या स्त्रियांमध्ये त्याची फार मदत होते. या काही क्षणांत हलू नये, म्हणून मी नेहमी आधीच सांगून ठेवतो की कळ येताना दिसली की मला सांगा, मी थांबेन. थांबण्यात काही बिघडत नाही. सुई योग्य जागी पोहोचली की तिच्यातून मिलिमीटरभर जाडीची मऊ नळी आत सोडतात, चार-पाच सेंटीमीटर आत ठेवतात, सुई बाहेर काढतात आणि नळी पाठीवर खांद्यापर्यंत चिकटवून टाकतात. पाठीत राहते ती फक्त नळी, सुई राहत नाही; त्यामुळे नंतर उताणे टेकता येते, कूस बदलता येते. नळी आत सरकताना एका पायात क्षणभर विजेचा झटका बसल्यासारखे वाटू शकते. ती नळी एखाद्या नसेला चाटून गेल्याची खूण असते. झटका विरून गेला तर ठीक, पण राहिला तर लगेच सांगावे, कारण मग नळी मागे घ्यावी लागते.

यानंतर औषधाची एक छोटी चाचणी मात्रा देतात. कानात गुणगुण, तोंडात धातूसारखी चव, एकदम धडधड किंवा पाय झटकन जड होणे यांपैकी काही जाणवते का, हे तेव्हा विचारले जाते. हे प्रश्न केवळ औपचारिकता म्हणून विचारलेले नसतात. नळी चुकून रक्तवाहिनीत किंवा आतल्या आवरणाच्या आत तर गेली नाही ना, हे तुमच्या उत्तरांवरून ठरत असते. तेव्हा त्या वेळी संकोच न करता जे वाटते ते बोलावे.

आराम लगेच पडत नाही. पहिली पूर्ण मात्रा दिल्यानंतर १० ते २० मिनिटे लागतात. प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा बोथट होत जाते, मग केवळ पोट कडक झाल्याचे कळते, आणि मग पोटावर हात ठेवूनच कळ आल्याचे समजते. तुमच्या मैत्रिणीची झोप याच टप्प्यावरची. रात्रभर जागून थकलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावरचा ताण या पंधरा-वीस मिनिटांत उतरताना पाहणे हे माझ्या कामातले सर्वांत मोठे समाधान आहे. हल्लीच्या पद्धतीत बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध ०.१ टक्के किंवा त्याहूनही सौम्य प्रमाणात, फेंटानिल या वेदनाशामकाच्या अगदी अल्प मात्रेबरोबर दिले जाते. पूर्वी ०.२५ टक्के किंवा त्याहून तीव्र द्रावण वापरत, आणि त्यामुळे पाय ओंडक्यासारखे जड होत. आईच्या पिढीतील बायकांनी सांगितलेले 'पाय माझे नव्हतेच' हे वर्णन त्या काळाचे आहे. आता पाय हलतात, मुंग्या आणि ऊब जाणवते. तरी ताकद तपासल्याशिवाय आणि सोबत कोणी असल्याशिवाय पलंगावरून उतरू नये.

याच पहिल्या अर्ध्या तासात सर्वांत बारीक लक्ष लागते. औषधाने पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरू शकतो. मळमळ, डोके हलके वाटणे, घाम ही त्याची लक्षणे. सुमारे ५० पैकी एकीचा रक्तदाब लक्षणीय उतरतो. तेव्हा कुशीवर वळवतात, सलाइनचा वेग वाढवतात, गरज पडल्यास रक्तदाब वाढवणारे औषध देतात, आणि बहुधा काही मिनिटांत सगळे सावरते. कधी कधी बाळाचे ठोकेही थोड्या वेळासाठी मंदावतात. खोलीत एकदम धावपळ झालेली पाहून आईचा जीव घाबराघुबरा होतो, पण ही धावपळ नेहमीच्या सरावाची असते. याशिवाय थरथर सुटते आणि फेंटानिलमुळे अंगाला खाज सुटते. दोन्ही त्रासदायक असले तरी निरुपद्रवी आहेत.

आता तुमच्या मावसबहिणीविषयी. एक बाजू बधिर आणि दुसरी जागी राहणे, किंवा जांघेजवळ तळहाताएवढा एखादा भाग तसाच दुखत राहणे, हे अनेकींच्या बाबतीत घडते. साधारणपणे आठ ते दहांपैकी एकीला एपिड्युरलचा पुरेसा आराम मिळत नाही आणि काहीतरी दुरुस्ती करावी लागते. नळीचे टोक आत गेल्यावर एका बाजूला वळलेले असू शकते, किंवा त्या अरुंद पोकळीत औषध एकसारखे पसरत नाही. यावर उपाय आहेत आणि ते क्रमाने केले जातात: दुखणारी बाजू खाली घेऊन कुशीवर निजवणे, थोडी मोठी मात्रा देणे, नळी सेंटीमीटरभर मागे घेणे, आणि एवढे करूनही अर्ध्या तासात फरक पडला नाही तर ती काढून नवीन बसवणे. 'पुन्हा सुई' हे शब्द ऐकून पुष्कळ जणी नको म्हणतात आणि पुढचे सहा तास अर्धवट वेदनेत काढतात. माझे मत याबाबतीत पक्के आहे. ठीक न चालणारी नळी ठेवून देऊ नये, कारण पुढे अचानक सिझेरियन करावे लागले तर तीच नळी नेमकी त्या वेळी दगा देण्याची शक्यता जास्त असते. आणखी एक सांगायला हवे. चांगल्या चाललेल्या एपिड्युरलमध्ये एकदम वेदना उठली, विशेषतः दोन कळांच्या मध्येही थांबेना, तर केवळ औषध वाढवून भागत नाही. प्रसूती किती पुढे गेली आहे, गर्भाशयाला किंवा वारेला काही झाले नाही ना, हे प्रसूतितज्ज्ञांनी आधी पाहायला हवे. पहिल्या सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

केव्हा घ्यावे, यावरही उलटसुलट ऐकायला मिळते. गर्भाशयाचे तोंड ४ सेंटीमीटर उघडल्याशिवाय देऊ नये, असा दंडक एके काळी होता, कारण लवकर दिल्यास सिझेरियनची शक्यता वाढते असे मानले जाई. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात लवकर दिलेल्या गटात सिझेरियन वाढल्याचे दिसले नाही, आणि तेव्हापासून हा दंडक मागे पडला. कळा नियमित सुरू झाल्या आहेत आणि स्त्रीला आराम हवा आहे, एवढे कारण पुरते. उशीर झाला असे मात्र खरोखर होऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रसूती झपाट्याने पुढे सरकते आणि स्थिर बसणे अशक्य होते. तशा वेळी एपिड्युरलबरोबर छोटी स्पायनल मात्रा, म्हणजे आतल्या आवरणाच्या आत सोडलेले थोडेसे औषध, देतात, जिचा परिणाम पाचेक मिनिटांत सुरू होतो. पण बाळाचे डोके दिसू लागले असेल, तर सुई देण्यापूर्वीच बाळ हातात येते.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न सिझेरियनचा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली ४० चाचण्यांतील ११,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढल्याचे तीत दिसले नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून प्रसूती करण्याचे प्रमाण एकूण चाचण्यांत जास्त आढळले, पण २००५ नंतरच्या, म्हणजे सौम्य औषधांच्या काळातील चाचण्या वेगळ्या पाहिल्या तर तो फरक उरला नाही. प्रसूतीचा कालावधी थोडा लांबतो हे खरे आहे आणि ते लपवू नये. विशेषतः जोर करण्याचा टप्पा लांबतो, कारण जोर करण्याची आपसूक येणारी भावना बोथट झालेली असते. तेव्हा सुईणीने किंवा डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून 'आता कळ आली, आता करा' असे सांगावे लागते. पहिलटकरणीला हे साधायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तोवर 'मला जमतच नाही' या विचाराने तिला रडू फुटते. ते जमते. याच टप्प्यातील बैठकीबद्दल ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उपयोगी आहे. सौम्य एपिड्युरल घेतलेल्या पहिलटकरणींमध्ये कुशीवर निजून राहिलेल्या गटात ४१ टक्के, तर ताठ बसलेल्या किंवा उभ्या राहिलेल्या गटात ३५ टक्के स्त्रियांची प्रसूती उपकरणांविना झाली. तेव्हा कुशीवर निजून जोर करण्याची मुभा आहे का, हे अवश्य विचारून ठेवा. आणि या टप्प्यावर 'आता औषध बंद करू, म्हणजे जोर लागेल' असे कोणी सुचवले, तर मी त्याच्या बाजूने नाही. वेदना एकदम पूर्ण ताकदीने परत येते, स्त्री भांबावते, आणि अपेक्षित फायदा फारसा दिसत नाही. मात्रा थोडी कमी करणे वेगळे, आणि ऐन वेळी सगळे काढून घेणे वेगळे.

काही गोष्टी लवकर सांगून टाकतो. लघवीची जाणीव कमी होते, म्हणून दर काही तासांनी नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते. काही स्त्रियांना एपिड्युरलच्या काळात ताप येतो. तो बऱ्याचदा संसर्गाचा नसतो, तरी आधी तसे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तपासण्या होतात आणि कधी प्रतिजैविकेही दिली जातात. बाळावरील परिणामांबाबत वर उल्लेखलेल्या आढाव्यात अपगार गुणांत किंवा अतिदक्षता विभागात दाखल करण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. जन्मतः बाळाची प्रकृती पाहण्याची ही अपगार पद्धत व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनीच १९५२ साली घडवली. आईला दिलेल्या औषधांचे बाळावर काय होते, हा प्रश्न आमच्या शाखेने पहिल्यापासून मनावर घेतला आहे, याचे मला अप्रूप वाटते.

सिझेरियन करावे लागलेच तर त्याच नळीतून तीव्र औषधाच्या १५ ते २० मिलिलिटर मात्रेने दहा-पंधरा मिनिटांत शस्त्रक्रियेपुरती भूल देता येते, आणि आई जागी राहून बाळाचे पहिले रडणे ऐकू शकते. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, जुळी बाळे, जास्त वजन अशा परिस्थितीत आम्ही स्वतःहून एपिड्युरल सुचवतो ते मुख्यतः यासाठीच, कारण घाईघाईत पूर्ण भूल देण्यात या स्त्रियांना धोका अधिक असतो. शस्त्रक्रियेत ओढल्याची, दाबल्याची जाणीव राहते, पण वेदना राहता कामा नये. कापण्यापूर्वी थंड स्पर्शाने तपासणी होते तेव्हा 'कळत नाही' असे उगाच म्हणू नका. कळत असेल तर कळते म्हणा, आणि मध्येच दुखले तरी मोठ्याने सांगा. दुसरी भूल देण्याची तयारी जवळच असते.

डोकेदुखी हा एपिड्युरलचा खरा आणि त्रासदायक दुष्परिणाम आहे. साधारण शंभरात एका वेळी सुईने आतल्या आवरणाला भोक पडते आणि मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपू लागते. भोक पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना एक ते तीन दिवसांत डोकेदुखी सुरू होते. तिची ओळख अगदी स्पष्ट असते. उठून बसले की कपाळ आणि मान असह्य दुखतात, आडवे झाले की काही मिनिटांत आराम पडतो. बाळाला मांडीवर घेऊन पाजणे अशक्य होते, आणि घरातील माणसांना वाटते की ही थकव्याची डोकेदुखी आहे. अशा वेळी भूलतज्ज्ञांना कळवायलाच हवे. पुरेसे पाणी, गोळ्या, विश्रांती यांनी न थांबल्यास हातातील शिरेतून सुमारे २० मिलिलिटर रक्त काढून ते पाठीतील त्याच एपिड्युरल जागेत सोडतात. ते भोकावर गोठून बसते. पुष्कळ जणींना त्यानंतर काही तासांतच उठून बसता येते. क्वचित हे पुन्हा करावे लागते.

आता नणंदेची कंबर. सुई जिथे टोचली तेथे तीन-चार दिवस ठणका राहतो, दाबले की दुखते. एवढे एपिड्युरलच्या खात्यावर मांडणे रास्त आहे. दीर्घकाळच्या कंबरदुखीचे तसे नाही. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची पुढे तुलना केली तेव्हा कंबरदुखीचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच आढळले. गरोदरपणात सांधे-बंध सैलावतात, पोटाचे स्नायू ताणले जाऊन दुबळे होतात, कण्याचा बाक बदलतो; त्यानंतर महिनोन्महिने वाकून बाळाला उचलणे, वेडेवाकडे बसून पाजणे सुरू होते. दुखणे नेमके सुई टोचलेल्या भागातच असते, म्हणून दोष सुईवर जातो. हे मी नणंदेची तक्रार मोडीत काढण्यासाठी सांगत नाही. उलट, कारण सुई आहे असे मानून ती 'आता याला इलाज नाही' म्हणून बसली असेल, तर तिचे नुकसान होत आहे. पोट आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले, तर वर्षांनंतरही उतार पडतो. तिला हे जरूर सांगा.

नसेला इजा होण्याची भीती सर्वांना असते, म्हणून आकडे स्पष्ट देतो. तात्पुरती इजा, म्हणजे पायावर बधिर चट्टा किंवा थोडी कमजोरी, सुमारे १,००० पैकी एकीला होते आणि आठवड्या-महिन्यांत बरी होते. सहा महिन्यांहून जास्त टिकणारी इजा सुमारे १३,००० पैकी एकीला होते. त्या पोकळीत पू किंवा रक्ताची गाठ होणे याहून कितीतरी विरळ आहे. बाळाचे डोके कटीभागातील नसांवर दाबल्यानेही पाय बधिर होतात आणि हे सुईमुळे होणाऱ्या इजेपेक्षा अधिक वेळा घडते. रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनच काही स्त्रियांना आम्ही एपिड्युरल नाकारतो किंवा थांबवतो. प्लेटलेट ७०,००० च्या वर असल्या आणि वेगाने घसरत नसल्या तर सहसा अडचण येत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिन-प्रकारच्या इंजेक्शनची प्रतिबंधक मात्रा घेतली असेल तर १२ तास, आणि उपचाराची मोठी मात्रा घेतली असेल तर २४ तास जाऊ द्यावे लागतात. तुम्हाला असे इंजेक्शन चालू असेल, कण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा पूर्वी भुलेचा त्रास झाला असेल, तर कळा सुरू होण्याची वाट न पाहता नववा महिना लागताच भूलतज्ज्ञांना भेटा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या शब्दांत ती जाणवली: वेदना सहन न करणारी आई कुठेतरी कमी पडते का? मी असंख्य बाळंतपणे पाहिली आहेत आणि मला असा कोणताही हिशेब मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही निरोगी गरोदर स्त्रीने मागितल्यास एपिड्युरल द्यावे, असेच म्हटले आहे. तितक्याच मनापासून हेही सांगतो की एपिड्युरल घेतलेच पाहिजे असे नाही. श्वासावर लक्ष देऊन, कोमट पाण्यात बसून, पाठीवर सोबतिणीचा हात असताना किंवा नायट्रस ऑक्साइडचा वायू हुंगून पुष्कळ जणी बाळंतपण नीट पार पाडतात आणि त्यांना ते हवेच असते. आधी ठरवलेले ऐन वेळी बदलण्याचा हक्क दोन्ही बाजूंनी तुमचाच आहे.

जिथे नाव नोंदवले आहे तिथे मात्र आधी जाऊन थेट विचारा: भूलतज्ज्ञ रात्री इमारतीत असतात की घरून बोलावले जातात, बोलावल्यावर यायला किती वेळ लागतो, औषध पंपाने देतात की दर वेळी हाताने, वाढीव मात्रेसाठी तुमच्या हातात बटण मिळते का, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये तुमच्याजवळ कोण असते. सुई देणाऱ्याच्या हातोटीइतकेच या उत्तरांवर तुमचा अनुभव ठरेल. नळी काढल्यानंतर काही तासांत पायांत पूर्ण ताकद यायला हवी. ती आली नाही, किंवा येऊन पुन्हा कमी होऊ लागली, तर खोलीतील परिचारिकेला लगेच सांगा. घरी गेल्यावर पाठीत वाढते दुखणे आणि ताप, लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, अथवा बसले की वाढणारी डोकेदुखी यांपैकी काहीही जाणवले, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात फोन करा आणि एपिड्युरल घेतले होते हे पहिल्याच वाक्यात सांगा.